हाकेचा सूर

पितळेच्या त्या जिभेवर कानशीच्या नऊ रेघा होत्या. सहा सरळ, सारख्या अंतरावर, वहीच्या ओळींसारख्या. उरलेल्या तीन नागमोडी होत्या, आणि त्यांतली शेवटची कडेपर्यंत जाऊन कणभर तुकडा उडवून थांबली होती.

केतकीने भिंग खाली ठेवलं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून दुसरी रीड काढली. बाजाच्या पेटीतली रीड म्हणजे पितळेची बोटभर चीप आणि तिच्या खिडकीत एका टोकाला जखडलेली पातळ जीभ. भात्याचा वारा लागला की जीभ थरथरते आणि सूर येतो. या दुसऱ्या जिभेवर सात रेघा सरळ, दोन नागमोडी. तिसरीवर पाच आणि चार. डब्यात अशा बावीस रीड होत्या. सगळ्या आषाढापासून वाया गेलेल्या.

“बाबा, तुम्ही आधी घासता आणि मग वाजवता, की वाजवून घासता?”

दिगंबर मेस्त्री खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसले होते. उजव्या मनगटावर करड्या रंगाचं रुंद कडं होतं. “आधी चार-सहा हात अंदाजाने. मग वाजवायचं, ऐकायचं, एक हात मारायचा. पुन्हा वाजवायचं. पन्नास वर्षं हेच करतोय. आज विचारतेस?”

“म्हणजे सरळ रेघा आधीच्या. वाकड्या वाजवल्यानंतरच्या.”

“वाकड्या म्हातारपणाच्या. डॉक्टर बोलले ना, कंप वाढणारच.”

“म्हातारपण काय फक्त रीड वाजवल्यावर येतं?”

बाबांनी वर पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसलं.

कुडाळच्या बाजारापासून जरा आत, घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. कारागिरी मिरजेत शिकलेली, त्यामुळे घरात बोलणं प्रमाण मराठी आणि गिऱ्हाइकाशी मालवणी. गणेशचतुर्थीला तेवीस दिवस उरले होते. आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या अकरा पेट्या फळीवर वाट पाहत होत्या. गेला महिनाभर केतकी सांगत होती, यंदा पेट्या परत करा, पुरे झालं आता. सावंतवाडीच्या कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची. मोजल्याशिवाय बोलायचं नाही असं मुलांना बजावणारी ती, वडिलांच्या हाताबद्दल मात्र न मोजताच बोलत आली होती. हे तिला त्या डब्यासमोर कळलं आणि वाईट वाटण्याआधी राग आला, स्वतःचाच.

तिने लॅपटॉप काढला.

*

बाबांचा हात सेकंदाला सहा वेळा थरथरायचा. मनगटावरचं कडं हाताची हालचाल सेकंदाला हजार वेळा मोजून घरच्या संगणकाकडे पाठवायचं. संगणक त्या हालचालीतून दोन धागे वेगळे करायचा: बाबांना हात कुठे न्यायचा आहे, आणि कंप त्याला कुठे नेतो आहे. मग कंपाच्या बरोबर उलटा धक्का कडं मनगटाला द्यायचं. धक्का वेळेवर आला की दोन्ही थरथरी एकमेकींना खाऊन टाकायच्या आणि हात स्थिर व्हायचा.

सगळा खेळ वेळेचा होता. झोका आपल्याकडे येत असताना अडवला तर थांबतो. तोच हात क्षणभर उशिरा लावला तर झोका आणखी वर जातो. सहाच्या कंपासाठी ती मर्यादा सेकंदाचे अठ्ठावीस सहस्रांश. त्यापेक्षा जास्त उशीर झाला की कडं हाताला सावरण्याऐवजी हलवू लागतं.

केतकीने उशीर मोजला. बाबा नुसते बसलेले असताना तीन सहस्रांश. कानस धरल्यावर तीन. चहाचा कप उचलताना तीन.

“आता रीड वाजवा.”

बाबांनी तपासणीच्या भात्यावर रीड बसवली, पायाने भाता दाबला. पांढरी पाचचा सूर, भरघोस, किंचित उतरलेला. पडद्यावरची रेघ उभी चढली. साठ. चार सेकंद साठवरच राहिली आणि मग पुन्हा तीनवर आली.

“अजून एकदा.”

साठ.

“टाळी वाजवा.”

तीन.

“आता नुसतं ‘आ’ म्हणा.”

“आ,” बाबा म्हणाले. साठ. “काय गो, डॉक्टरीण झालीस काय?”

केतकीला हसू आलं नाही. तिला कळलं होतं, आणि जे कळलं ते बाबांना कसं सांगायचं हे कळत नव्हतं.

*

प्रत्येक संगणकाच्या तळाशी एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. माणसाला तो कधी दिसत नाही. एकाच वेळी शंभर कामं प्रोसेसरचा क्षण मागत असतात; कुणाला आधी, कुणाला नंतर आणि किती वेळ, हे कर्नल ठरवतं. पूर्वी लोक ते स्वतः निवडायचे, स्वतः बांधायचे. मग घराचा पंप, कुलूप, औषधांची आठवण, सगळं एका संगणकावर आलं आणि नियम झाला: एका घराला एकच कर्नल, तेही प्रमाणित. आषाढात आलेली नवी आवृत्ती तर स्वतःची रचना स्वतः करायची. घरात कोण राहतं, काय करतं, हे पाहून प्राधान्य कुणाला द्यायचं ते शिकायची.

या घरात त्या आवृत्तीने प्राधान्य दिलं होतं ‘हाक’ नावाच्या सेवेला.

दोन वर्षांपूर्वी बाबा मागच्या न्हाणीघरात घसरले. एक तास चाळीस मिनिटं ते ओल्या फरशीवर पडून होते, हाका मारत. केतकी तेव्हा प्रयोगशाळेत तोंडी परीक्षा घेत होती आणि फोन टेबलाच्या खणात होता. त्याच आठवड्यात तिने ‘हाक’ सुरू केली. घरात कुठेही माणसाचा आवाज आला की संगणक सगळं सोडून ऐकणार, समजून घेणार, गरज वाटली तर रुग्णवाहिका बोलावणार. वडिलांची जन्मतारीख तिनेच भरली होती. ‘सर्वोच्च महत्त्व’ या चौकटीत खूणही तिनेच केली होती.

आषाढात बाबांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. नव्या कर्नलने तो आकडा वाचला, तिची खूण वाचली आणि अगदी प्रामाणिकपणे ठरवलं की आवाज आला की बाकी सगळं थांबेल. पेटीची रीड माणसाच्या गळ्याच्याच पट्ट्यात बोलते. बाबा सूर वाजवायचे, घर कान टवकारायचं, ‘दिगंबर काही म्हणाले का’ हे चार सेकंद तपासायचं. नेमक्या त्याच चार सेकंदांत बाबा कानस टेकवायचे.

सेवाकेंद्रातल्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, ज्येष्ठांच्या घरात ‘हाक’चं प्राधान्य खाली आणता येत नाही. तुम्ही ती पूर्ण बंद करू शकता.”

“कड्यासाठी प्रोसेसरचा एक भाग राखून ठेवा ना. आठ आहेत.”

“प्रमाणित कर्नलमध्ये तो पर्याय नाही, मॅडम. स्वतःचं कर्नल बांधलंत तर चालेल. पण मग ‘हाक’ मिळणार नाही. आणि काही झालं तर,” ती थांबली, “तर ते तुमच्याकडे.”

*

“मग बंद कर ती हाक,” बाबा म्हणाले.

“नाही.”

“मी काय रोज पडतो?”

“एकदाच पडलात. मला तेवढं पुरे आहे.”

बाबांनी कडं काढून टेबलावर ठेवलं. हात लगेच थरथरू लागला. तो त्यांनी लपवला नाही. “केतकी, मी एक तास चाळीस मिनिटं न्हाणीघरात पडून होतो. आता आठवड्याचे सातही दिवस या खुर्चीत पडून असतो. त्याची हाक तुझं यंत्र ऐकतं का?”

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते उत्तर तिच्या स्वतःबद्दलचं होतं. प्रमाणित कर्नल असेपर्यंत, काहीही झालं तरी बोट दाखवायला कुणीतरी तिसरं होतं.

रविवारी जेवण झाल्यावर तिने कर्नलचा मूळ संच उतरवून घेतला. कॉलेजात शिकवायला लागली त्या पहिल्या वर्षी तिने असं एकदा केलं होतं, हौसेने. आता बांधणीआधी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी तेव्हाच्या तिप्पट झाली होती. हे हवं का? ते हवं का? हो, नाही, गरजेनुसार.

विजेच्या गाडीचं चार्जिंग: नाही, गाडीच नव्हती. तरणतलाव: नाही. लहान मुलांवर देखरेख: नाही. इथे तिचं बोट क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. दोन पडद्यांवर खेळ: नाही. विहिरीचा पंप: हो. जुनं छपाईयंत्र: हो, कारण बाबांच्या पावत्या त्यावरच निघायच्या. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती उत्तरं देत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण घराचं वर्णन करतो आहोत. इथे काय आहे यापेक्षा काय नाही, याचंच जास्त.

मग तिने मुख्य गोष्टी केल्या. संगणकाच्या आतल्या घड्याळाचा ठोका सेकंदाला अडीचशेवरून हजार. प्रोसेसरच्या आठ भागांपैकी शेवटचा एकट्या कड्यासाठी राखीव; दुसरं कुठलंही काम तिथे पाऊल टाकणार नाही.

सोमवारी सकाळी कर्नल बांधून झालं. बाबा कडं घालून, कानस हातात घेऊन तयार बसले. संगणक सुरू झाला, दिवे लागले, पंप ओळखला गेला. हात मात्र थरथरतच राहिला.

“तुझ्या कर्नलला मी दिसत नाही वाटतं,” बाबा म्हणाले.

तिने यादी पुन्हा चाळली. ‘मनगटी घड्याळे व तत्सम साधने: नाही.’ घरात कुणी तसलं घड्याळ वापरत नाही म्हणून तिने बेधडक नकार दिला होता; कड्याचा बिनतारी दुवा त्यातच होता. आठशे प्रश्नांत नेमका हाच. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीत जुनं कर्नल जपून ठेवलेलं होतं म्हणून निभावलं. ती परत त्यावर गेली, उत्तर बदललं, पुन्हा बांधायला लावलं आणि कॉलेजला गेली.

संध्याकाळी बाबांनी रीड वाजवली. तीन. पुन्हा वाजवली, कानस टेकवली. तीन. जिभेच्या टोकावर एक सरळ रेघ उमटली.

बाबांनी आणखी एक रीड उचलली.

*

स्वतः बांधलेलं कर्नल कायमचं बसवायचं तर जबाबदारी आपली असल्याचं घरमालकाने मोठ्याने निवेदन करायचं असा कायदा होता. संगणक केतकीच्या नावावर होता, म्हणून कायद्याने घरमालक तीच. निवेदन होईपर्यंत एका वेळी एकच तास चाचणी. तास संपत आला की संगणक विचारायचा, “निवेदन आत्ता करणार, की नंतर?” केतकी म्हणायची, “नंतर.” मग प्रमाणित कर्नल परत यायचं आणि ‘हाक’ही.

ती घरी असतानाच चाचणी करायची, असं तिने ठरवलं. सकाळी एक तास, संध्याकाळी दोन. बाबा त्या तासांत काम करायचे आणि बाकी वेळ खुर्चीत बसायचे. दहा दिवसांत चार पेट्या झाल्या. सात उरल्या. चतुर्थी अकरा दिवसांवर आली.

“मेस्त्रीनू! चतुर्थी तोंडार इली, माझी पेटी खंय?” परबबुवा आत येता येताच ओरडले. भजनी मंडळाचे हे बुवा शेजारच्याच घरात राहायचे आणि त्यांचं साधं बोलणंही चार घरं ऐकायची.

“पेटी हय आसा. तू आधी तुझो गळो लावून घे,” बाबा म्हणाले.

“आणि ह्या चेडवान काय मांडल्यान हा?” बुवांनी लॅपटॉपपाशी बसलेल्या केतकीकडे बोट दाखवलं.

केतकीने त्यांना थोडक्यात सांगितलं. हात हवा तर हाक नाही, हाक हवी तर हात नाही. बुवा खाली बसले, पान काढलं आणि म्हणाले, “म्हणजे तुझ्या यंत्राक माणूस आणि पेटी यातलो फरक कळना नाय. मग तेका येवढा सगळा कित्याक ऐकाक लावतंस? येकच काय ता ऐकूंदे.”

“एकच काय ऐकणार, बुवा? पडलेला माणूस काय ओरडेल ते कुणी सांगावं?”

पण बाबा फळीकडे पाहत होते. “ओरडेल कशाला,” ते हळूच म्हणाले. “वाजवेल.”

त्यांनी खणातून जुन्या गाडीच्या भोंग्याचा रबरी फुगा काढला. “याला एक रीड बसवतो. न्हाणीघरात, फरशीच्या उंचीवर. मागच्या दारापाशी एक. पडलो तर हात नाहीतर पाय पोचेल. तुझ्या यंत्राने फक्त ती रीड ओळखायची.”

“तुम्ही दिवसभर रीडच वाजवता, बाबा. कुठलाही सूर निवडला तरी कुठल्यातरी पेटीत तो असणारच.”

“दोन पट्ट्यांच्या मधे नाही.”

केतकीने पेन्सिल उचलली. पांढरी सहा म्हणजे सेकंदाला चारशे चाळीस कंपनं, तिच्या पुढची काळी पाच चारशे सहासष्ट. मधोमध चारशे त्रेपन्न. कुठलीही लावलेली पेटी तिथे बोलत नाही. माणसाचं म्हणणं समजून घ्यायला संगणकाला सगळी ताकद लागते. एकच सूर आहे की नाही एवढं पाहायला जवळजवळ काहीच लागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ती जो हिशेब फळ्यावर करून दाखवायची, तेवढाच.

“चारशे त्रेपन्न,” ती म्हणाली. “जमेल?”

बाबांनी कानस घेतली. “पन्नास वर्षांत मुद्दाम बेसूर कधी लावलं नाही.” ते वाजवत गेले, ऐकत गेले, जिभेच्या टोकावर एकेक हात मारत गेले. पांढरी सहा ओलांडल्यावर त्यांचा चेहरा कडू काही खाल्ल्यासारखा झाला. केतकी आकडे सांगत होती. चारशे सत्तेचाळीस. एक्कावन्न. बावन्न.

“बस. त्रेपन्न.”

त्यांनी फुगा दाबला. बुवांनी कानांवर हात ठेवले. “मेस्त्रीनू, ह्यो सूर खंयचो? कान फाटले माझे!”

“तू रोज भजनात लावतस तोच. मी आज पयल्यांदा लावलंय.”

“बुवा, तुमच्या गळ्याने माझा आणि तुमचा फोन वाजू नये म्हणून सलग तीन सेकंद लागतील असं ठेवते,” केतकी म्हणाली, आणि या वेळी तिलाही हसू आलं.

*

दुसऱ्या दिवशी तिने प्राचार्यांना सांगितलं की यापुढे तोंडी परीक्षेतही तिचा फोन खिशात आणि चालू राहील. ते म्हणाले, नियमात बसत नाही. ती म्हणाली, मग मला परीक्षेचं काम देऊ नका. त्यांनी मान डोलावून फोनला परवानगी दिली.

चाचणीच्या तासांत त्यांनी फुगा तेरा वेळा तपासला. बाबा न्हाणीघरात फरशीवर स्वतः आडवे झाले, डाव्या हाताने, मग टाचेने. तेराही वेळा आधी केतकीचा फोन वाजला, लगेच बुवांचा, आणि पहिल्या वेळी बुवा खरोखरच धोतर सावरत धावत आले.

चूक होण्याची शक्यता तिने कागदावर मांडली. वीज गेली तर बॅटरी चार तास. रबर चिरलं तर दर महिन्याला नवं. बाबा शुद्धीवरच नसले तर? तिथे तिने पेन्सिल थांबवली. त्या ओळीपुढे लिहिण्यासारखं काही नव्हतं. ‘हाक’कडेही त्याचं उत्तर नव्हतं; तिला ऐकायला हाक लागायची. केतकीने ती ओळ तशीच रिकामी ठेवली आणि कागद घडी न घालता संगणकाशेजारी ठेवला.

शनिवारी परबबुवांची पेटी पुरी झाली. बुवांनी ती पुढे ओढली, भाता मोकळा केला आणि गजराची चाल धरली. बाबा शेजारी बसून डोळे मिटून ऐकत होते. हात मांडीवर, निवांत. फळीवर सहा पेट्या उरल्या होत्या आणि आठ दिवस.

“चाचणीचा तास संपत आला आहे,” संगणक म्हणाला. “निवेदन आत्ता करणार, की नंतर?”

आतापर्यंत छत्तीस वेळा तिने एकच शब्द वापरला होता. बाबांनी डोळे उघडले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. फळीकडेही पाहिलं नाही.

“आत्ता,” केतकी म्हणाली.

“घरमालकाने उभं राहून आपला निर्णय मोठ्याने सांगावा. नोंद सुरू आहे.”

ती उभी राहिली. “मी केतकी दिगंबर मेस्त्री—”

“दोन आवाज ऐकू येत आहेत. कृपया पुन्हा सांगा.”

बाबांनी हात पुढे केला, बुवांच्या बोटांवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने भाता मिटला. पेटीतला उरलेला वारा हळूहळू बाहेर पडला. बुवांनीही तोंड बंद ठेवलं. खोलीत कुणाचाच आवाज राहिला नाही.

“मी केतकी दिगंबर मेस्त्री. आजपासून या घरात मी निवडलेलं, मी बांधलेलं कर्नल चालेल. प्रमाणित नको. हाकेला उत्तर मी देईन.”